लाळेतल्या अँटिबॉडी मोजून पायोरिया कळतो का?

(कागदाची छोटी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून) ही पट्टी बघा. टीपकागदच, फक्त खूप अरुंद. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. तिथे ही पट्टी काही सेकंद ठेवली की किंचित ओली होते. निरोगी हिरडीत हा ओलावा जेमतेम जाणवतो, सुजलेल्या हिरडीत बराच वाढतो.

हा ओलावा म्हणजे लाळ नाही बरं का. रक्तातून झिरपून आलेला द्रव आहे. १९५८ साली ब्रिल आणि क्रासे या दोन संशोधकांनी कुत्र्यांना फ्लुओरेसिन नावाचा चमकणारा रंग टोचला. थोड्या वेळात तो खाचेत ठेवलेल्या टीपकागदावर उतरला. म्हणजे रक्तात जे फिरतं, त्यातलं काहीबाही हिरडीच्या कडेनं तोंडात येतं. अँटिबॉडीसुद्धा!

मग प्रश्न साधा आहे. पायोरिया, म्हणजे हिरड्या आणि दातांना धरून ठेवणारं हाड पोखरणारा आजार, या अँटिबॉडी मोजून ओळखता येईल का?

आधी हे बघू, की तोंडात अँटिबॉडी येतात कुठून. लाळग्रंथींमधल्या पेशी आयजीए नावाच्या प्रकारची अँटिबॉडी तयार करतात, ती लाळेतून येते. आयजीजी या दुसऱ्या प्रकारची मात्र मुख्यतः हिरडीच्या खाचेतून येते. ज्यांचे सगळे दात गेलेत त्यांच्या लाळेत आयजीजी बरीच कमी सापडते, कारण खाचच उरलेली नसते. म्हणून लाळ तपासून हिरडीचा अंदाज घ्यायचा तर आयजीजीकडे बघणं जास्त शहाणपणाचं, असं मला वाटतं. आयजीए लाळेच्या प्रवाहाबरोबर सारखी बदलते. लाळ जास्त सुटली की ती पातळ होते.

आता खरी गंमत. ही सगळी आयजीजी रक्तातूनच येते असं नाही. सूज जुनी झाली की हिरडीतच प्लाझ्मा पेशींची गर्दी होते आणि त्या जागेवरच अँटिबॉडी बनवायला लागतात. त्यामुळे एखाद्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी रक्तापेक्षा खाचेतल्या द्रवात जास्त सापडू शकते. शेजारच्याच दाताजवळ ती कमी असेल. लाळेत सगळ्या दातांचं पाणी एकत्र होतं, तिथे हा फरक पुसला जातो. पट्टी दातागणिक माहिती देते, पण बत्तीस दातांना पट्ट्या लावत कोण बसणार?

बरं, आकडा मिळाला. त्याचा अर्थ काय लावायचा?

रस्त्यावर पोलीस बंदोबस्त वाढलेला दिसला तर दंगल चालू आहे, होऊन गेली, की होऊ नये म्हणून ही तयारी आहे? नुसते पोलीस मोजून सांगता येत नाही. अँटिबॉडीचं तसंच. काहींमध्ये दातांची खोल सफाई झाल्यावर अँटिबॉडी वाढतात, कारण सफाई करताना जंतूंचे अंश रक्तात जातात. आजार उताराला आणि आकडा वर! उलटही घडतं. पोर्फायरोमोनास जिंजिवॅलिस हा या आजारातला कुप्रसिद्ध जंतू. त्याची जिंजिपेन नावाची विकरं अँटिबॉडीचेच तुकडे करतात. मग कमी आकड्यावरही किती विसंबायचं?

तुम्ही म्हणाल, एचआयव्हीची चाचणी तर तोंडातल्या द्रवावर होते की. होते. अमेरिकेत २०१२ साली ती घरी करायलाही परवानगी मिळाली. पण तिथे प्रश्न 'आहे की नाही' एवढाच असतो. एचआयव्हीचा संसर्गच झाला नसेल, तर त्याच्या अँटिबॉडी सहसा नसतातच. हिरडीचे जंतू मात्र धडधाकट माणसाच्या तोंडातही थोडेफार असू शकतात, म्हणून त्यांच्या अँटिबॉडीही असतात. इथे प्रश्न 'किती' हा आहे, आणि आजारी नि निरोगी यांच्या आकड्यांची सरमिसळ होते.

संशोधनात या मोजणीचा उपयोग आहेच. शरीर कोणत्या जंतूशी झगडतंय ते तिच्यातून कळतं. पण दवाखान्यात अजूनही निर्णय होतो तो मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईवर आणि एक्स-रेवर. खाच तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर साधारण ठीक. चार किंवा जास्त भरली, तर डॉक्टर पुढचं बघतात. विडी-सिगारेट ओढत असाल तर रक्त येण्याची वाट बघू नका. ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून आजार असतानाही रक्त कमी येतं. थेट खोली मोजून घ्या.