कूलर दिला, पुढे काय?

(दृश्य : कोंढवा, भर दुपार. मशिदीच्या भिंतीला लागून स्टीलचा वॉटर कूलर.)

पुण्यातल्या कोंढव्यात पाण्याचा विषय काढला की बोलणं टँकरवर येतं. महापालिकेचं पाणी सगळीकडे पुरत नाही आणि बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. म्हणून मशिदीबाहेर असा कूलर दिसला की रिक्षावाले थांबतात, शाळा सुटलेली पोरं बाटल्या भरतात, डिलिव्हरीवाला हेल्मेट वर सरकवून दोन ग्लास पाणी पिऊन निघतो. धर्म कुणी विचारत नाही.

कूलरवर पाटी आहे. मरहूम वालिदैन, म्हणजे वारलेल्या आईवडिलांना सवाब, म्हणजे पुण्य, पोचावा म्हणून मुलांनी हा कूलर दिला. पाटी अजून चकचकीत आहे. तीन नळांपैकी मात्र एकालाच पाणी येतं.

(दृश्य : पाटीवरून कॅमेरा नळांवर.)

माणूस गेला की त्याचं कर्म थांबतं, तीन गोष्टी मात्र चालू राहतात, असं ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते : सदका-ए-जारिया म्हणजे वाहतं राहणारं दान, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान, आणि आईवडिलांसाठी दुवा मागणारी नेक संतती. पाण्याला तर खास मान. पैगंबरांचे सहकारी साद बिन उबादा यांची आई वारली, तेव्हा तिच्या नावे कोणतं दान उत्तम, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. उत्तर आलं : पाणी. साद यांनी विहीर खोदली.

विहिरीचा गाळ निदान डोळ्यांना दिसतो. कूलरचा गाळ पत्र्याच्या आत असतो.

(दृश्य : मेकॅनिक पाना लावून फिल्टरचं भांडं खोलतो. क्लोजअप.)

हा सेडिमेंट, म्हणजे गाळ अडवणारा, फिल्टर. नवा असताना कापसासारखा पांढरा असतो. हा चहाच्या चोथ्यासारखा झालाय, दाबला की बोटांमधून गढूळ ओघळ येतो. टँकरचं पाणी असेल तर तो काही महिन्यांत बदलावा लागतो. नाही बदलला तर गाळ पुढे सरकतो आणि आरओचं मेंब्रेन, म्हणजे पुढची बारीक गाळणी, तुंबतं. मेंब्रेन महाग. फिल्टर मात्र काही शे रुपयांत मिळतो.

‘चाचा, हा शेवटचा कधी बदललाय?’ मेकॅनिक मशिदीचा कारभार बघणाऱ्या चाचांना विचारतो.

चाचा रजिस्टर आणतात. कूलर कधी बसवला ते त्यात आहे, उद्घाटनाला कोण कोण आलं तेही आहे. फिल्टरची नोंद कुठेच नाही.

मेकॅनिक आता मागच्या बाजूला वाकतो. अर्थिंगची तार गंजून तुटली आहे. वजू करून, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुऊन, ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी माणसं याच स्टीलला हात लावतात. त्याने आधी प्लग काढला, मग तोंड उघडलं. तो काय बोलला ते इथे ऐकवण्यासारखं नाही, पण चुकीचं नव्हतं.

(दृश्य : चाचांच्या टेबलावर पावतीपुस्तकं.)

यात कंजूषपणा नाही. रमजानमध्ये पुण्यातली माणसं हात सैल सोडून देतात. पण त्यातली मोठी रक्कम जकातीची, म्हणजे बचतीवरच्या अडीच टक्के बंधनकारक दानाची. हनफी पंथाच्या फिक्हनुसार, म्हणजे धार्मिक कायद्यानुसार, जकात गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते. ती मशिदीला, विहिरीला किंवा कूलरच्या दुरुस्तीला लावता येत नाही. त्यासाठी लिल्लाहची, म्हणजे अल्लाहसाठी स्वेच्छेने दिलेल्या दानाची, पावती वेगळी फाडतात आणि ते पुस्तक बरंच पातळ असतं. त्यातूनच वीजबिल, त्यातूनच इमाम आणि अजान देणाऱ्या मुअज्जिनांचा पगार. फिल्टर रांगेत शेवटी.

खरं तर फिक्हमध्ये ही रांग उलटी आहे. हनफी ग्रंथ सांगतात, वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून पहिला खर्च त्या वक्फच्याच दुरुस्तीवर करायचा, मग लाभार्थ्यांवर. वक्फ करणाऱ्याने तशी अट लिहिली नसली तरीही. छप्पर गळत असेल तर आधी छप्पर, मग वाटप. हा नियम पाटीवर कोरला असता तर बरं झालं असतं.

पैगंबरांचे सहकारी आणि पुढे खलिफा झालेले उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी सुचवलं, मूळ जमीन राखून ठेव आणि तिचं उत्पन्न दान कर. पुढे त्या वक्फच्या अटींत एक कलम आलं : जमिनीची देखभाल करणाऱ्याने त्या उत्पन्नातून रीतसर खाल्लं तर दोष नाही. ‘सवाबच्या कामाचे पैसे कसले मागता’ असं मेकॅनिकला ऐकवणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं.

(दृश्य : कात्रज तलाव.)

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. कात्रजहून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत, म्हणजे आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठेवलेली तोंडं. मक्केच्या यात्रेकरूंसाठी खलिफा हारून अल-रशीदची बेगम जुबैदा हिने बांधलेल्या ‘ऐन जुबैदा’ या कालव्यालाही वाटेत अशा उतरायच्या विहिरी होत्या. तरीही तो पुन्हा पुन्हा तुंबला, ढासळला. सोळाव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) सुलतान सुलेमानची मुलगी मिहरिमाह हिने दुरुस्तीचा भलामोठा खर्च उचलला. नाव मात्र जुबैदाचंच राहिलं. दुरुस्तीला पैसे का मिळत नाहीत, याचं उत्तर इथेच कुठेतरी आहे.

(दृश्य : नवीन फिल्टर बसतो. भिंतीवर खिळ्याला वही अडकवली जाते.)

मशिदीच्या ट्रस्टने आता दोन गोष्टी केल्यात. कूलरशेजारी वही टांगली : फिल्टर, टाकीची सफाई, अर्थिंगची तपासणी, प्रत्येकासमोर तारीख आणि सही. आणि नवा कूलर घेताना देणाऱ्याकडून तीन वर्षांच्या देखभालीचा खर्चही आधीच घ्यायचा, असं ठरलं.

त्यानंतर दोघे जण नवा कूलर द्यायचा म्हणून आले. चाचांनी अट सांगितली. एकाने विचारलं, ‘पाटीवर देखभालीचंही लिहाल ना?’ चाचा हो म्हणाले, त्याने तिथेच पैसे भरले. दुसऱ्याने त्याचा कूलर पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीला दिला.