चिखलात माखलेला मूस आणि दोन कप्प्यांची गोळी

नमस्कार मंडळी, कॅनडातल्या प्रिन्स जॉर्जहून बोलतोय. ब्रिटिश कोलंबियाच्या नकाशात हे गाव तसं मधोमध दिसतं, पण इथले लोक स्वतःला उत्तरेचेच समजतात. सप्टेंबर लागला की इथं ऑफिसात, पेट्रोल पंपावर, पोरांच्या हॉकीच्या मैदानावर एकच विषय, मूस. म्हाडाच्या घरांची निघते तशी बऱ्याच भागात मूसच्या शिकारीच्या परमिटची सोडत निघते, आणि कुणाचा नंबर लागला, कुणाचा गेला यावरच गप्पा चालतात.

मूस म्हणजे हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा गडी. नर 500 किलोच्या आसपास, खांद्यापाशीच माणसाएवढा उंच. युरोपात यालाच एल्क म्हणतात आणि इथं एल्क म्हणजे वेगळाच प्राणी, तेव्हा शोधताना घोळ करू नका.

आज बोलायचंय गोळीबद्दल. काडतूस आणि गोळी एक नाही हं. पितळी नळकांडं, आत दारू, मागे टोपी, हे सगळं मिळून काडतूस. गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे उडून जातं ते. बंदुकीवर तासन्‌तास बोलणारे लोक या टोकाबद्दल दोन मिनिटं बोलत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण जनावराला लागतं ते तेवढंच.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. साल 1946. अमेरिकेतल्या ओरेगनमधला जॉन नॉस्लर नावाचा माणूस, ट्रकचा धंदा करणारा, मूसच्या शिकारीला इथं आमच्या ब्रिटिश कोलंबियात आला. हातात थ्री हंड्रेड एच अँड एच मॅग्नम, म्हणजे त्या काळातली चांगली जोरकस रायफल. समोर मोठा नर उभा, पण अंगभर चिखल. तुम्ही म्हैस डबक्यातून उठून आलेली बघितलीये ना, पाठीवर वाळलेल्या चिखलाची खपली असते, तसाच. माजावर आलेला नर मूस खुरांनी खड्डा उकरतो, त्यात मुततो आणि त्याच चिखलात लोळतो, मी असा खड्डा जवळून बघितलाय, वास इतका उग्र की जॅकेटला आठवडाभर राहिला. तर नॉस्लरनं नेम धरून चाप ओढला, नेम बरोबर होता, गोळी लागली, आणि मूस तसाच उभा! गोळ्या आत पोचतच नव्हत्या. त्या चिखलाच्या थरावर आणि जाड कातड्यावर आदळून वरच्या वरच फुटत होत्या, फुप्फुसापर्यंत काही जातच नव्हतं.

आपण असतो तर म्हणालो असतो, पुढच्या वर्षी मोठी बंदूक घेऊ. हा माणूस घरी गेला आणि गोळीच नवी करायला बसला. तेव्हाची गोळी म्हणजे आत शिसं आणि वरून तांब्याचं पातळ कवच, आदळली की पुढून अळंबीसारखी फुलते. फुलायलाच हवी, पण पूर्ण फुटून गेली तर पुढे जाणार कोण? नॉस्लरनं सळीचे तुकडे घेऊन दोन्ही टोकांनी कोरले, मधे धातूचा पडदा तसाच ठेवला, आणि दोन्ही कप्प्यांत शिसं भरलं. दोन कप्प्यांचा डबाच म्हणा. पुढचा कप्पा आदळून फुलणार, मागचा पडद्याआड शाबूत राहून आत घुसणार. 1947 ला तो आणि त्याचा मित्र या गोळ्या घेऊन परत आले, आणि दोघांनी एकेका गोळीत एकेक मूस पाडला. 1948 ला त्यानं कंपनी काढली. त्या गोळीचं नाव पार्टिशन, आजही दुकानात मिळते.

म्हणून परत सांगतो, गोळी फुलली पाहिजे पण फुटून जायला नको. फुलली पाहिजे, फुटून जायला नको.

बाकी कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या मापाचं म्हणाल तर थर्टी-ऑट-सिक्स पुरे. त्यातलं सिक्स म्हणजे 1906 साल, इतकी जुनी आहे ती, आणि 180 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप) चांगली गोळी घातली की मूसला कमी पडत नाही. खांद्याला लाथ मारणारी मोठी रायफल घेऊन चाप ओढताना डोळे मिटणारे मी बघितलेत, त्यांच्या हातून जनावर जखमी होऊन झाडीत निघून जातं आणि दोन दिवस तडफडतं. ते मला सहन होत नाही. आणि एक, मटण खाणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी जनावर सोलताना शेवटपर्यंत उभं राहून बघावं असं माझं मत आहे, पोरांनाही दाखवावं, ताटात टाकायची सवय आपोआप जाते.

बरं, मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी मूस मारला, तेव्हा कापायला मी होतो. पलीकडच्या बाजूला कातड्याच्या आतून त्यांची गोळी सापडली, पार्टिशनच. तळहातावर घेतली, पुढून पाकळ्या मागे वळलेल्या, मागचं बूड जसंच्या तसं चकचकीत. घरी आणून सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवली. 180 ग्रेन म्हणजे 11.7 ग्रॅम, त्यातली 7.8 ग्रॅम उरली होती. मग बाकीचं जवळजवळ चार ग्रॅम शिसं गेलं कुठं? मांसात. 2008 ला अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले तेव्हा गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकांना ते वाटू नका म्हणून सांगावं लागलं होतं. कण इतके बारीक की दाताखाली कळत नाहीत. तेव्हा जखमेभोवतीचं मांस हात राखून कापू नका, चांगलं वीतभर काढून टाका, खिम्यात तर अजिबात घालू नका. आणि आतडी जंगलात राहतात ती गरुड खातात, त्यांच्या पोटातही तेच शिसं जातं.

मी यंदा तांब्याच्या गोळीवर आलोय, आख्खी तांब्याची, आत शिसंच नाही. पाकळ्या फुलतात, वजन जवळपास सगळं टिकतं. तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून 180 ऐवजी 165 ग्रेनची घेतली. वेग उतरला की ही नीट फुलत नाही, तेव्हा लांबून मारायची नाही, जवळ जायचं. आणि जुन्या गोळीवर लावलेला नेम नव्या गोळीला चालत नाही, रेंजवर जाऊन परत लावावा लागतो.

माझा नंबर लागलाय सोडतीत. वीसच्या डब्यातल्या अकरा गोळ्या रेंजवर गेल्या, नऊ उरल्यात, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे चारला आम्ही निघतोय.