जगज्जेत्या मोटारसायकलीचा पुरावा

नमस्कार श्रोतेहो,

कारखान्याच्या स्वतःच्या संघाने शर्यतीत उतरवलेली आणि जगज्जेतेपद मिळवून देणारी मोटारसायकल विक्रीला येते, तेव्हा संग्राहक नेमके काय विकत घेतो, याविषयी आज मला बोलायचे आहे. माझ्या मते तो सर्वांत आधी एक पुरावा विकत घेत असतो, यंत्र त्यानंतर येते. आणि हे न ओळखल्यामुळे कित्येक अस्सल गाड्या विकत घेतल्यानंतरच्या दुरुस्तीत आपले मोल गमावतात.

अशी गाडी म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गाडीची अधिक वेगवान आवृत्ती नव्हे. होंडाची आरसी १६६ पाहा. तिचे इंजिन अवघे २४७ सीसीचे, पण सिलिंडर सहा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर जेमतेम ४१ सीसीचा. एकूण झडपा चोवीस, गिअर सात आणि फेरे मिनिटाला सुमारे १८,०००. माइक हेलवूड या स्वाराने तिच्यावर १९६६ आणि १९६७ अशी लागोपाठ दोन वर्षे २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. असे इंजिन मोजक्याच संख्येने बनते, त्याचे सुटे भाग बाजारात कधीच येत नाहीत, आणि हंगाम संपला की कारखाना बहुधा गाडी परत नेतो. काही गाड्या संग्रहालयात जातात. पुष्कळशा मोडीत निघतात, कारण त्यांच्यातले तंत्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू द्यायचे नसते. म्हणूनच एखादा कारखाना शर्यतींतून अंग काढून घेतो, तेव्हा संग्राहकांना संधी मिळते. इटलीच्या एमव्ही अगुस्ताने १९५८ ते १९७४ अशी सलग सतरा वर्षे ५०० सीसी गटात आपल्या स्वारांना जगज्जेते केले, १९७६ च्या हंगामानंतर शर्यती सोडल्या, आणि १९८६ मध्ये तिच्या शर्यत विभागातल्या साठ्याचा मोठा भाग न्यूयॉर्कच्या ‘टीम ऑब्सोलीट’ या जुन्या शर्यती गाड्या जपणाऱ्या संघाकडे गेला.

आता ओळखीचा प्रश्न घेऊ, कारण सगळी किंमत त्यावरच उभी असते. आघाडीच्या स्वाराकडे हंगामात एकच गाडी नसते. सरावात एक, शर्यतीत दुसरी. अपघातात सांगाडा वाकला की नवा सांगाडा, आणि इंजिने तर सतत बदलत राहतात. तेव्हा ‘हीच ती गाडी’ असे विक्रेता म्हणतो, त्या वेळी त्याने कोणता सांगाडा कोणत्या शर्यतीत होता हे दाखवले पाहिजे. सांगाड्यावरचे आणि इंजिनावरचे क्रमांक, मेकॅनिकच्या नोंदवह्या, कारखान्याचे पत्र, आणि त्या काळची छायाचित्रे, ज्यांत जोडकामाची एखादी वेडीवाकडी रेघ किंवा टाकीवरचा पोचा ताडून पाहता येतो, हा खरा दस्तऐवज. एमव्हीच्या तीन सिलिंडरच्या गाड्यांच्या उत्तम प्रतिकृती आज बनवल्या जातात, त्यामुळे केवळ नजरेवर विसंबून चालत नाही. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक गटातल्या अलीकडच्या गाड्यांबाबत काम थोडे सोपे आहे, कारण २०१० पासून हंगामातल्या इंजिनांची संख्या मर्यादित करून ती सीलबंद केली जातात आणि त्यांचा हिशेब राहतो. नामांकित स्वाराचे नाव आणि कारखान्याचा दाखला एवढ्यानेही किंमत चढते: २०१२ मध्ये मोनॅको येथे आरएम ऑक्शन्सच्या लिलावात केसी स्टोनरची २०१० ची आणि व्हॅलेंटिनो रॉसीची २०११ ची डुकाटी विकली गेली, तेव्हा त्यांतल्या एकीनेही जगज्जेतेपद मिळवलेले नसताना प्रत्येकीला दोन लाख युरोंहून अधिक रक्कम मिळाली.

म्हणूनच अशी गाडी घेतल्यावर तिला नवा रंग चढवण्याचा मोह मला घातक वाटतो. गुडघ्यांनी घासून झिजलेली टाकीची कड, समोरच्या काचेवरचे खड्यांचे ओरखडे, तांत्रिक तपासणीचे चिकटवलेले जुने शिक्के, सुरक्षा तारेने बांधलेले बोल्ट, या प्रत्येक गोष्टीत शर्यतीची साक्ष असते, आणि ती एकदा पुसली की कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही. अडचण आहे ती धातूची. वजन वाचवण्यासाठी क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, आणि चाके मॅग्नेशियमची ओतलेली असतात. हा धातू दमट हवेत गंजतो आणि वयानुसार त्यात बारीक तडे जाऊ शकतात. गाडी चालवायचीच असेल तर असे भाग क्ष-किरणांनी तपासावेत, संशय आल्यास नवे बसवावेत, आणि मूळ क्रमांकाचे जुने भाग नोंद करून जपून ठेवावेत. माझ्या दृष्टीने मूळ भाग जपणे आणि बदललेल्या भागांवर गाडी चालवणे, ही तडजोड सर्वांत प्रामाणिक आहे.

गाडी नुसती उभी ठेवण्याने मात्र ती सुरक्षित राहत नाही. तेलाचे सील कडक होतात, टू-स्ट्रोक इंजिनाच्या बेअरिंगांवर गंज धरतो. आधुनिक गाड्यांची निगा तर त्याहून कठीण. झडपा मिटवायला स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू वापरणाऱ्या इंजिनात तो दाब उतरला तर झडप पिस्टनवर आदळू शकते. गाडी सुरू करायला बाहेरचा स्टार्टर लागतो, आधी शीतकाचे पाणी गरम करून घ्यावे लागते, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाशी बोलणारा संगणक व त्याची त्याच काळातली प्रणाली नसेल तर इंजिनात काय चालले आहे हेसुद्धा कळत नाही. खरेदीदाराने म्हणून स्टार्टर, तो संगणक, सुटे पिस्टन, नोंदवह्यांच्या प्रती, आणि संघातल्या जाणत्या मेकॅनिककडून गाडी प्रत्यक्ष सुरू करून दाखवण्याची अट, हे सारे पैसे देण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे.