सोलापुरात बोटीची शाळा

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात आमच्या कट्ट्यावर मी सहज म्हणालो, आपल्या सोलापुरात बोटीवरच्या कामाचं शिक्षण देणारी एक सरकारी हायस्कूल पाहिजे. समोरचा मित्र चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "काय बे, नळाला पाणी चार-चार दिवसांआड येतंय आणि तुला समुद्र पायजे?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही. आकाशवाणीनं बोलायला बोलावलंच आहे, तर हेच बोलावं.

आधी थोडं माझ्याविषयी. माझे वडील गिरणीत होते, आई घरी कांड्या भरायची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी. पुढची तीस-बत्तीस वर्षं बोटीवर काढली आणि बोसन म्हणून घरी परतलो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जुन्या लोकांच्या तोंडी तोच सारंग. अधिकारी नव्हतो. अधिकाऱ्याच्या खालचा आणि खलाशाच्या वरचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकून घेणारा. तेव्हा आज बोलतोय ते दोराकडून बोलतोय, कप्तानाच्या ब्रिजवरून नव्हे.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. समुद्र नाही तिथं समुद्राची शाळा कशी? आपल्या नौदलाचे इंजिनिअर कुठं शिकतात माहीत आहे? लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. १९४५ पासून ते केंद्र घाटमाथ्यावर आहे. समुद्राचे नकाशे काढणारं नौदलाचं कार्यालय तर डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. त्याहून मला भावलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. न्यूयॉर्कमध्ये हार्बर स्कूल नावाची सरकारी शाळा २००३ साली सुरू झाली, ती ब्रुकलिनमधल्या बुशविक नावाच्या भागात. गरीब वस्ती, भोवती नुसत्या इमारती, किनारा जवळ नाही. पण नाव घेतलं बंदराचं. पुढं २०१० मध्ये तिला बंदरातल्या गव्हर्नर्स बेटावर जागा मिळाली. आज तिथली पोरं फेरीबोटीनं शाळेला जातात. बोट चालवणं, पाण्याखाली उतरणं, इंजिनं दुरुस्त करणं आणि कालवं वाढवणं हे त्यांचे विषय. होय, कालवं, शिंपल्यातली! बंदराचं पाणी स्वच्छ व्हावं म्हणून. फी नाही, कारण शाळा सरकारी. थोडक्यात, आधी शाळा झाली, समुद्र मागाहून मिळाला.

आणि सोलापूरचं नाव बोटींशी जोडायला आपल्याला न्यूयॉर्कपर्यंत जायची गरज नाही. ५ एप्रिल १९१९ या दिवशी 'लॉयल्टी' नावाची बोट मुंबईहून लंडनला निघाली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतलेली बोट, म्हणून कंपनीचं नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. आपला समुद्र ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत असताना भारतीयांनी आपल्या पैशानं काढलेली ही बोट. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही ५ एप्रिलला देशभर राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. ती कंपनी काढणाऱ्यांत पुढं कोण होतं? वालचंद हिराचंद. जन्म १८८२, सोलापूर. विशाखापट्टणमचा जहाज कारखाना काढला तोही त्यांनीच. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली मोठी बोट, 'जलउषा', १९४८ साली तिथूनच पाण्यात उतरली. वालचंदांच्या बरोबरीनं सिंधियात होते नरोत्तम मोरारजी. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास, म्हणजे १८७० च्या दशकात आपल्या जुन्या गिरणीचा पाया घालणारे. जिचा भोंगा ऐकून माझे आजोबा कामावर धावायचे, ती गिरणी. म्हणजे आपल्या पेठेतला माणूस आणि आपल्या गिरणीच्या मालकाचा मुलगा, अशा दोघांनी देशाला बोटी दिल्या. आज वालचंदांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडं आहे, इंजिनिअरिंगची संस्था आहे. पण बोट कशी चालते हे शिकवणारा एक वर्ग अख्ख्या जिल्ह्यात कुठं असेल, तर मला तरी तो सापडलेला नाही.

बरं, वर्ग नाही म्हणून पोरं बोटीवर जात नाहीत असं थोडंच आहे? जातात. कशी जातात, ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

माझ्या भाच्याचं सांगतो. बारावी झाली, मर्चंट नेव्हीचं वेड लागलं. नवी मुंबईतल्या एका ऑफिसात एक एजंट भेटला. टाय लावलेला, भिंतीवर बोटीचा हा एवढा फोटो. "कोर्सही आमचा, नोकरीही आमची," म्हणाला. मेहुण्यानं अर्धा एकर गहाण टाकून पैसे भरले. मी तेव्हा बोटीवर, भूमध्य समुद्रात. फोन लागला तोवर पावती फाटलेली होती. सर्टिफिकेट मिळालं, पण ज्या संस्थेचं होतं तिचं नाव डीजी शिपिंगच्या, म्हणजे बोटींचा कारभार बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, यादीतच नव्हतं. आज भाचा पुण्याला एका गोदामात काम करतो. चांगला करतो, तक्रार नाही. पण गहाणखत सुटायला सहा वर्षं लागली.

श्रोतेहो, आज घरी कुणी मुलगा-मुलगी या वाटेवर असेल तर एवढं कागदावर लिहून घ्या. बोटीवर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि भारतानं तो २०१५ साली स्वीकारलाय. नोकरी देणाऱ्या एजन्सीकडं आरपीएसएल नावाचं लायसन लागतं. अशा एजन्सींची आणि मान्य संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. पैसे मागितले की उठायचं आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून घरी यायचं.

पण हे सांगायचं कुणी? शाळेतल्या सरांना ठाऊक नाही, आईबापांना तर नाहीच. माहिती नसते तिथं एजंट उगवतो. माझ्या मागणीचं मूळ इथं आहे. श्रीमंताचं पोर चौकशी करून इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देतं. तिथं वर्षाची फी दोन लाखांच्या पुढं असली तरी ते भरतं. गरिबाचं पोर भिंतीवरचा फोटो बघून तेवढेच पैसे बुडवतं. सरकारनं इथं खर्च केला नाही म्हणून गरिबाचा खर्च वाचतो असं नाही. तो होतोच, फक्त चुकीच्या खिशात जातो.

आता शाळा काढायची तर कशी? माझ्या डोळ्यांपुढं काचेची इमारत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या एखाद्या चालू शाळेतच नववी ते बारावीच्या तुकड्या, तेवढं पुरे. विषय बोर्डाचेच. गणित, भौतिक, रसायन पक्कं, कारण अधिकारी व्हायचं तर बारावीला या तिन्हींत मिळून साठ टक्के आणि इंग्रजीत पन्नास लागतात. दहावीनंतर खलाशी म्हणून जायचं तरी इंग्रजीत चाळीस हवेतच. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत चालतात. बोटीवर हुकूम सुटतो तो इंग्रजीतून, आणि तोही वाऱ्याच्या आवाजात. तेव्हा सगळ्यात आधी चांगला इंग्रजीचा शिक्षक पाहिजे, बाकीची यंत्रं मागाहून.

दुसरा खर्च डोळ्यांचा. डेकवर जायचं तर चष्म्याशिवाय सहा बाय सहा दिसावं लागतं. इंजिनच्या बाजूला चष्म्याची थोडी सवलत आहे. रंगांधळं मात्र अजिबात चालत नाही. का? रात्री समोरून बोट येते, तेव्हा तिचे दिवेच दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. लाल-हिरव्यातला फरक कळला नाही तर ती कुठल्या बाजूनं येतेय हे कळणार कसं? रंगांधळेपणा मुलांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त सापडतो, आणि ज्याला आहे त्याला बहुधा ठाऊकच नसतं. आमच्याबरोबर मंगळवेढ्याकडचा एक पोरगा होता. सगळी तयारी करून, कर्ज काढून मुंबईला आला आणि वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता येईना. तो दालनाबाहेर बाकावर बसून राहिला, मी त्याला पाणी दिलं, दुसरं काय देणार? नववीत, सरकारी दवाखान्यात, पाच मिनिटांच्या तपासणीत हे कळलं असतं. माझ्या मते या शाळेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा खर्च हाच.

पोहणं शिकवायला टाकी लागेल. पाण्याचा प्रश्न इथं खरोखर येतो, नाही म्हणत नाही. पण पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली आमची पिढी पोहायला शिकलीच की! अर्थात आता पोरांना विहिरीत ढकलणारे मुख्याध्यापक मिळायचे नाहीत. शहरात आहेत तेच तलाव ठरावीक तास द्यावेत, त्याचं भाडं अनुदानातून भरावं.

आता पैशाचा खरा मुद्दा. आपल्या राज्यात शाळेला मान्यता आधी मिळते आणि पगार मागाहून. कधी वीस टक्के, मग चाळीस, मग साठ, तोवर शिक्षकाचे केस पांढरे होतात. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवून संध्याकाळी दुसरी कामं करणारे मास्तर आपण सगळ्यांनी पाहिलेत. ही शाळा त्या वाटेनं काढायची असेल तर काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पगार नसलेल्या शाळेत फी येते, फी आली की मी ज्या पोरांसाठी बोलतोय ती गेटाबाहेर. पहिल्या दिवसापासून शंभर टक्के अनुदान, नाहीतर नको. अशक्य आहे का? साताऱ्याला १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली तेव्हा सरकारनं ठरवलंच ना, की एका विशिष्ट पेशासाठी पोरं लहानपणापासून तयार करायला सार्वजनिक पैसा घालायचा? मग बोटीसाठी का नाही? मालाच्या वजनानं मोजलं तर देशाचा पंच्याण्णव टक्के परदेशी व्यापार समुद्रातून होतो. आपला टॉवेल, सांगोल्याचं डाळिंब, कंटेनरमध्ये बसून न्हावाशेवालाच जातं. माल जातो, पोरगं का जाऊ नये?

कुणी म्हणेल, कंपन्यांना माणसं हवीत तर कंपन्यांनी शिकवावं. बरोबर आहे, थोडं त्यांनीही द्यावंच, पण पैशापेक्षा जागा द्यावी. ही मेख बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. कोर्स झाला की काम झालं असं नाही. डेक कॅडेटला, म्हणजे डेकवरच्या शिकाऊ अधिकाऱ्याला, पुढच्या परीक्षेआधी बोटीवर वर्ष-दीड वर्ष काढावं लागतं आणि ती बोटच मिळत नाही. कोर्स करून घरी बसलेली कितीतरी पोरं आहेत. म्हणून सरकारनं कंपन्यांशी आधी लेखी करार करावा, वर्षाला इतक्या पोरांना बोट, आणि त्या आकड्याएवढीच तुकडी भरावी. शंभर भरून ऐंशी घरी बसवण्यापेक्षा वीसच भरा.

आणि सगळ्यांनी बोटीवरच जायला पाहिजे असंही नाही. बंदरातल्या क्रेनवर माणूस लागतो, कंटेनर यार्डात, जहाजदुरुस्तीत, कस्टमच्या कागदपत्रांत लागतो. पालघरला वाढवण बंदर उभं राहतंय, तिथंही लागेल. बोटीचा जीव सोपा नाही, हेही शाळेनं पहिल्याच दिवशी सांगावं. माझा थोरला मुलगा जन्मला ते मला तार येऊन अकरा दिवसांनी कळलं. शेंगाचटणीचा डबा तिसऱ्या महिन्यात संपतो, उरलेले सहा महिने वासावर काढायचे.

हल्ली रविवारी सकाळी पूर्व भागातली चार-पाच पोरं माझ्याकडं येतात. शाळा निघेल तेव्हा निघेल, मी त्यांना दोराच्या गाठी शिकवतो. गेल्या रविवारी दोन दोर जोडायची गाठ घेतली. जाड दोराचा फास धरायचा, बारीक दोर खालून आत घ्यायचा, मागून फिरवून स्वतःच्याच खाली दाबायचा. खेचलं की आवळते, ढिलं सोडलं की सुटते. पोरांना काही जमेना. एकाची आजी त्याला न्यायला आली होती, त्यांच्या घरी तिला अव्वा म्हणतात. चाळीस वर्षं मागावर काढलेली बाई. दारात उभं राहून तिनं थोडा वेळ पाहिलं, मग चप्पल काढून आत आली आणि नातवाच्या हातातले दोर घेतले. बोटं कशी फिरली ते मलाही दिसलं नाही. "सूत तुटल्यावर हीच मारतो की आम्ही," म्हणाली, आणि नातवाला चल म्हणून उठवलं. पुढच्या रविवारी तिलाही बोलावलंय.

नमस्कार.