पाठ घेतली, तरी घड्याळ का चालू होत नाही?

नमस्कार मंडळी! ज्युदोत जमिनीवर झटापट चाललीय, समोरचा खाली, तुम्ही वर. आता होल्ड लावून दाबून ठेवायचं, की पाठ घ्यायची, म्हणजे मागून त्याला चिकटायचं?

ब्राझिलियन जिऊ-जित्सूवाला डोळे झाकून 'पाठ' म्हणेल. 3 सेकंद टिकवली की त्याला 4 गुण. माउंटचे (समोरच्यावर स्वार होऊन बसण्याचे) 4, पोटावर गुडघा रोवला तरी 2. ज्युदोत यातल्या एकट्या माउंटला भाव, तोही छाती खाली चिकटवून ताते-शिहो-गातामे (स्वार होऊन लावलेला होल्ड) जमला तर. पाठ घेतली, दोन्ही पाय आत अडकवले, सगळं झक्कास, आणि रेफरी ढिम्म! चोक (गळा आवळणं) लागला तर ठीक, नाहीतर रेफरीचं 'मत्ते' (थांबा), दोघंही परत उभे.

रेफरीला समोरचा उताणा हवा, त्याच्यावर तुमचा ताबा हवा आणि तुमचा पाय त्याच्या पायांत अडकलेला नको. मग तो 'ओसाएकोमी' (होल्ड लागला) पुकारतो आणि घड्याळ चालू होतं. 5 सेकंदांना युको, म्हणजे सगळ्यात छोटा गुण (हा 2025 पासून परत आलाय), 10 ला त्याहून मोठा वाझा-आरी, 20 ला इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, सामना खलास. आपल्या कुस्तीत चीतपट झाली की निकाल लागतो. इथे चीत करून धरून ठेवावं लागतं.

आता कॅमेरा जवळ आणतो. हा केसा-गातामे, बाजूला बसून लावायचा होल्ड. मी पार्टनरच्या उजव्या बाजूला बसलोय, उजवा हात त्याच्या मानेखालून. नवशिके सगळा जोर या हातात घालतात आणि दमतात. खरं काम इथे, माझ्या डाव्या काखेत. त्याचा उजवा हात काखेत गच्च, बाही वर खेचलेली, माझं वजन त्याच्या बरगड्यांवर. कोपर सुटलं की बघा, हा कुशीवर वळला आणि आला माझ्या पाठीवर! म्हणून जिऊ-जित्सूवाले केसाला बिचकतात. तिथे त्याने पाठ टिकवली की त्याला 4 गुण. ज्युदोत 'तोकेता' (होल्ड सुटला), होल्डचं घड्याळ थांबतं. पण 10 सेकंद आधीच झाले असतील तर वाझा-आरी तुमचाच.

मग होल्ड सोडून जुजी-गातामेला (कोपराच्या लॉकला) कधी जायचं? स्कोअरबोर्ड बघा की राव! एक वाझा-आरी आधीच खिशात असेल तर फक्त 10 सेकंद हवेत, कारण दोन वाझा-आरी म्हणजे इप्पोन. अशा वेळी हाताच्या मागे लागून होल्ड सोडणं मला तरी पटत नाही. हां, केसात त्याने तुमचं तोंड ढकलायला हात सरळ केला, तर तो मांडीवर दाबून लॉक लावा. होल्ड जागेवरच राहतो.

आणि तो पालथा पडून गोळा झाला असेल तर पाठ घ्याच. कॉलरला हात घालून चोकची भीती दाखवा. गळा वाचवायला त्याचे हात वर गेले की कोपरांखाली फट पडते. तिथून हात सारा, उलटवा आणि योको-शिहो-गातामेत (बाजूने आडवं पडून लावायच्या होल्डमध्ये) बसा. ही पलटी पुढच्या व्हिडिओत सावकाश दाखवतो.