बिनेच्या दोन मुली आणि बुद्धीची मोजणी

नमस्कार मंडळी! आयक्यू हा शब्द आपण उठसूट वापरतो, पण ज्याच्या चाचणीवरून ही सगळी भानगड सुरू झाली त्या आल्फ्रेड बिनेनं तो शब्द काढलेलाच नाही. लक्षात ठेवा हं, आयक्यू बिनेचा नाही. माणूस फ्रान्सचा, जन्म १८५७, नीस गावचा, शिकला वकिली आणि मानसशास्त्र लायब्ररीत बसून आपलं आपण वाचलं.

आता माझा लाडका किस्सा. बिनेला दोन मुली, थोरली मादलेन, धाकटी आलिस. दोघी चालायला कशा शिकल्या ते या बापानं टिपून ठेवलंय. मादलेन खुर्ची धरून उभी राहणार, पुढचा आधार किती लांब आहे ते बघणार, आणि मग तोंडातून अवाक्षर न काढता, सगळं लक्ष पायात ठेवून तिथवर जाणार. आणि आलिस? धरायला काही आहे का, बघायचंच नाही! थेट खोलीच्या मधोमध, ओरडतेय, हातवारे करतेय, दारुड्यासारखी झोकांड्या खातेय. घर एक, आईबाप तेच, आणि पोरी बघा! (आपल्याकडं यात पांगुळगाडा असायचा, लाकडी, तीन चाकांचा, तो पोरानं स्वतः ढकलायचा. हल्ली प्लास्टिकच्या वॉकरमध्ये बसवून ठेवतात, मला नाही पटत, असो.) पोरी मोठ्या झाल्या तरी फरक गेला नाही, १९०३ मध्ये नावं बदलून त्यानं दोघींवर अख्खं पुस्तक लिहिलं.

चाचणी आली १९०५ मध्ये, डॉक्टर सिमोनच्या जोडीनं, ३० प्रश्नांची. कशाला, तर शाळेत कुठल्या मुलांना जादा मदत लागते ते कळावं म्हणून. मदतीसाठी बरं का, शिक्का मारायला नाही! बुद्धी जन्मभर तेवढीच राहते म्हणणाऱ्यांवर तर तो १९०९ मध्ये चांगलाच उखडला होता. १९११ मध्ये तो गेला, १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्ननं मुलाच्या बौद्धिक वयाला (म्हणजे कुठल्या वयाचे प्रश्न त्याला जमतात) खऱ्या वयानं भागून भागाकार काढला, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मननं त्या भागाकाराला १०० नं गुणलं, झाला आयक्यू. पुढं धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी ही चाचणी मराठी आणि कानडीत आणली.

बिनेच्या चाचणीच्या १९०८ च्या, वयावार प्रश्नांच्या यादीत सहा वर्षांच्या मुलाला विचारायचं, खुर्ची म्हणजे काय? पोरगं म्हणालं “बसायला”, की झालं, पास!