ठरल्या तारखेचा ताप

(दृश्य : यावल तालुक्यातलं घर, सकाळ. बाहेर केळीची बाग. भिंतीवर कॅलेंडर.)

निवेदन :
या कॅलेंडरवर एरवी दुधाचा हिशेब असतो. गेले सहा महिने त्याच चौकटींत लाल पेनाच्या फुल्या पडताहेत. सलग चार-पाच दिवस फुल्या, मग साडेतीन-चार आठवडे कोरे, की पुन्हा फुल्या.

"पोऱ्याले परत ताप उना," आई सांगते.

पोरगं चार वर्षांचं. ताप १०३-१०४ पर्यंत चढतो, घसा लाल होतो, तोंड येतं, मानेला गाठी येतात. दर वेळी अँटिबायोटिक. पाचव्या दिवशी ताप उतरला की औषधाचा गुण आला असं घरात सगळे म्हणतात. खरं तर तो त्या दिवशी उतरणारच होता. मधल्या दिवसांत हाच मुलगा अंगणभर उधळतो, वजन-उंचीही वयाप्रमाणे वाढते.

आपल्याकडे ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आधी तपासायचेच. पण हे सगळं नाही आणि ताप मात्र तारीख पाळतोय, तेव्हा डॉक्टरांच्या मनात पीएफएपीए येतो, म्हणजे लहान मुलांना ठरावीक दिवसांनी तोंड, घसा आणि मानेच्या गाठींसह परत परत येणारा ताप. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. यात जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा जंतू नसतानाच पेटते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या एका डोसने ताप काही तासांत उतरतो, म्हणून आईवडिलांना ते अमृतासारखं वाटतं. पण काही मुलांत पुढचा ताप त्यामुळे लवकर येतो. अशा वेळी रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विचार होतो : कोल्चिसिन.

(दृश्य : पावसाळा. सातपुड्याच्या पायथ्याशी कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुलं.)

निवेदन :
ही कळलावी. कोल्चिसिन हिच्या कंदात आणि बियांतही असतं. कंद पोटात गेला तर जीव जातो, घरगुती औषध म्हणून त्याला हातसुद्धा लावू नका. गोळीत हेच द्रव्य मिलिग्रॅमच्या अंशात मोजून घातलेलं असतं. ते पांढऱ्या पेशींची सुजेकडे होणारी धाव मंदावतं. चढलेला ताप त्याने उतरत नाही. रोज घेतलं तर पुढचा ताप लांबतो. तेही सगळ्यांत नाही. काही मुलांत टॉन्सिल काढल्यावर ताप थांबतो, आणि पुष्कळ मुलांत वय वाढेल तसा आपोआप जातो. म्हणून गोळी घेतलीच पाहिजे असं नाही.

भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत आढळणाऱ्या आनुवंशिक तापाचं मात्र वेगळं. तिथे १९७२ पासून कोल्चिसिन वापरतात, आणि ताप नसला तरी रोज. गोळी सुटली तर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मूल तेच, ताप तसाच, पण गोळीमागचं कारण अगदी निराळं. निदान आधी नीट व्हायला हवं ते यासाठी.

(दृश्य : जळगावचा दवाखाना. टेबलावर उलगडलेली कॅलेंडरची सहा पानं.)

निवेदन :
डॉक्टरांनी आधी फुल्या मोजल्या, मग रक्ताचे रिपोर्ट पाहिले. गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात जुलाब झाले, डोस कमी करावा लागला. एक गोष्ट डॉक्टरांनी आईकडून दोनदा वदवून घेतली : क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक या गोळीसोबत नको, त्याने कोल्चिसिन रक्तात धोकादायक वाढतं.

आईने गोळीचं नाव कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय. गावातल्या दवाखान्यात जायचं झालं, तर आधी त्या कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढते.